मदत हवी आहे: पुळणीवरच्या घोडेवाल्यांचं गाऱ्हाणं आमदारांपर्यंत नीट कसं न्यावं?

पागेतली_लेक

नमस्कार मंडळी,

मी अलिबाग-मुरुड पट्ट्यातल्या एका किनारी गावातली. बाबांची घोडागाडी आहे, काकांचे सवारीचे दोन घोडे. आमच्या पुळणीवर १४ जण हा धंदा करतात, घोडे २३. मी पनवेलला नोकरी करते, पण लिहिण्याचं काम निघालं की ते माझ्याकडेच येतं.

दिवाळीच्या सुट्टीत एका पाहुण्याने आमच्यातल्याच एकाच्या घोड्याचा व्हिडिओ टाकला. भर दुपारचं ऊन, पाठीवर माणूस आणि खोगिराच्या कडेला दिसणारी जखम. व्हिडिओ गावोगाव फिरला. पंधरा दिवसांत तोंडी निरोप आला की १ जानेवारीपासून किनाऱ्यावर घोडा दिसता कामा नये. लेखी काही नाही. कोणत्या कायद्याने, हे विचारलं तर "वरून आहे" एवढंच उत्तर. पावसाळ्याचे चार महिने घोडे नुसते उभे असतात, चंदी (घोड्याचं धान्य) आणि गवत उधारीवर चालतं. ती उधारी फिटते नाताळ ते मे या काळात. नेमका तोच काळ हातचा जाणार.

सगळ्यांनी ठरवलंय, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाआधी आमदारांना भेटायचं. निवेदन मी लिहितेय आणि तिथेच अडलेय.

मी आधी नियम शोधले. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्राचे नियम आहेत. दिवसात एकूण ९ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ५ तासांपेक्षा जास्त नाही, तापमान ३७ अंशांवर असेल तिथे दुपारी १२ ते ३ काम नाही. गाडीत हाकणारा आणि ६ वर्षांखालची मुलं सोडून चारच माणसं. रात्री ओटीवर बाबांना वाचून दाखवलं. तासांचं ऐकून त्यांनी मान डोलावली. चार माणसांचं आलं तेव्हा मात्र गप्प झाले. सीझनला आम्ही सहा-सहा बसवतो, हे मी लहानपणापासून बघतेय.

माझं म्हणणं, हे निवेदनात कबूल करावं आणि पुढे काय पाळणार तेही लिहावं. काका म्हणतात, "आपल्याच हातानं लिहून दिलं तर तोच कागद उद्या आपल्यावर काढतील." बाकीचे बहुतेक काकांच्या बाजूने आहेत. बैलवाल्यांनी सरकारला हलवून बैलगाडा शर्यती परत आणल्या, मग आपण का वाकायचं, असाही सूर आहे.

मी हट्ट का धरतेय तेही सांगते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमची राणी गेली. संध्याकाळी पाय झाडायला लागली, सारखी वळून पोटाकडे बघायची, मग लोळायला लागली. जवळचे डॉक्टर आले, पण त्यांचा हात गाई-म्हशींवर बसलेला. घोड्याच्या पोटात घालायची नळीसुद्धा त्यांच्याकडे नव्हती. मुंबईला परळच्या जनावरांच्या दवाखान्यात न्यायला टेम्पो मिळेपर्यंत पहाट झाली आणि पेणच्या अलीकडेच ती गेली. नंतर कळलं की पोटात वाळू साचली होती. वर्षानुवर्षं आम्ही तिला पुळणीवरच गवत टाकत होतो. काठावर एक गव्हाण आणि गोड्या पाण्याची टाकी असती तर? आम्हाला कोणी सांगितलं नाही हे खरं, पण आम्हीही कोणाला विचारलं नाही. निवेदनात मला हे मागायचंय. नुसतं "बंदी नको" एवढंच लिहायला माझा हात धजत नाही.

तर आमदारांकडे जावं की खासदारांकडे? सभागृहात विषय निघावा म्हणून नेमकं काय मागायचं असतं? आणि आपली चूक निवेदनात लिहावी का?

माजी_सहायक

ताई, मी काही वर्षं एका आमदारांच्या कार्यालयात होतो. रोज वीस-पंचवीस निवेदनं यायची, बहुतेक फाइलमध्येच राहायची.

आधी एक सांगतो. लेखी आदेश नसताना सभागृहात प्रश्न विचारलात तर काय होईल ते मी आज लिहून देतो. प्रश्न छापून येतो, "घोडे बंद करण्याचे आदेश दिले, हे खरे आहे काय?" खालचं कार्यालय वर कळवतं की असा आदेशच नाही. मंत्र्यांचं छापील उत्तर येतं, "हे खरे नाही." विषय तिथेच मिटतो आणि तोंडी निरोप तसाच चालू राहतो. म्हणून ज्या कार्यालयातून निरोप आला त्यांना आजच साधा अर्ज द्या, आदेशाची प्रत मागा आणि पोच घ्या. सोबत माहिती अधिकाराचा अर्जही टाका. त्याला ३० दिवस लागतात, म्हणजे अधिवेशनाआधी उत्तर येणं कठीण. पण पोच हातात असली की आमदारांना बोलायला आधार मिळतो.

प्राण्यांवरच्या क्रूरतेचा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघंही कायदा करू शकतात. तुम्ही वाचलेले नियम केंद्राचे, ते बदलायचे असतील तर खासदार. जनावरांचे दवाखाने आणि पशुवैद्यक हा राज्याचा विषय, म्हणून गव्हाण, पाणी, घोड्याचा डॉक्टर या मागण्या आमदारांकडेच. तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर मिळतं आणि उपप्रश्न विचारता येतात. लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी) लागली तर मंत्र्यांना सभागृहात त्यावर बोलावं लागतं, पण तिच्यासाठी रांग मोठी असते. विधिमंडळाची विनंती अर्ज समितीही आहे, तिथला अर्ज सदस्यामार्फत जातो.

बैलगाड्यांशी तुलना निवेदनातून काढा. २०१४ ची बंदी, २०१७ ची राज्याची दुरुस्ती, तिला राष्ट्रपतींची संमती आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा निकाल, अशी नऊ वर्षं गेली त्यात. शिवाय ती दुरुस्ती बैल आणि वळूंपुरतीच आहे. तुम्हाला नवा कायदा कशाला हवाय? असलेल्या नियमांत अटी पाळून घोडागाडी चालवता येते. तेच मागा. मजकूर एका पानात बसवा, सोबत १४ सह्या.

ओहोटीची_वेळ

माझं मत कडू लागेल. मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्यांबाबत जून २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने निव्वळ हौसेच्या फेऱ्या बेकायदा ठरवल्या आणि मालक-चालकांच्या पुनर्वसनाची योजना करायला सरकारला सांगितलं. तुमच्या पुळणीवरच्या चकरा हौसेच्याच ना? ओहोटीला कुलाबा किल्ल्यापर्यंत माणसं पोचवणारी गाडी निदान कुठेतरी पोचवते तरी. तुम्ही पुनर्वसन का मागत नाही?

पागेतली_लेक

कडू लागलं, पण मुद्दा बरोबर आहे. पुनर्वसनाची मागणी दुसरा पर्याय म्हणून घालते. एकच विचारते, माणसाला टपरी मिळेल, पण २३ घोडे त्या दिवशी संध्याकाळी कुठे जातील? ज्याच्या घरी चंदीला पैसे नाहीत तो घोडा विकणार, आणि विकलेला घोडा पुढे कुठे राबतो ते कोणी बघत नाही. म्हणून जनावरांच्या सोयीशिवाय बंदी नको, असं लिहीन.

खूर_नाल

मी पशुवैद्यक आहे, घोड्यांचंच काम करतो. चूक लिहावी का म्हणता, तर लिहा. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. ती जखम नाकारलीत तर पुढचं एक वाक्यही कोणी वाचणार नाही.

मागण्यांत दोन गोष्टी वाढवा. एक, वर्षातून एकदा सगळ्या घोड्यांची ग्लँडर्ससाठी रक्ततपासणी. हा रोग माणसालाही होतो, त्यावर लस नाही आणि बाधित घोडा मारावाच लागतो. स्वतःहून तपासणी मागणारे घोडेवाले विरळा, त्याचं वजन पडेल. दोन, प्रत्येक घोड्याचं आरोग्यपत्रक. सवारीच्या माणसाच्या वजनाची मर्यादाही स्वतःच घालून घ्या. नियमांत तट्टासाठी ७० किलो आहे, पण ते पाठीवर लादायच्या ओझ्याचं. तुम्ही सवारीलाही तेच धरा.

तोपर्यंत चारा घमेल्यात किंवा तोबऱ्यातच द्या, वाळूवर काडीही टाकू नका. आणि तो व्हिडिओतला घोडा आता कसा आहे?

पागेतली_लेक

डॉक्टर, वर लिहिताना मी टाळलं होतं. तो घोडा काकांचा आहे. म्हणूनच ते इतके अडून बसले होते आणि मलाही त्यांचं नाव काढवत नव्हतं.

तुमचं उत्तर मी काल त्यांना वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आत जाऊन खोगिराखालचा नमदा घेऊन आले. घाम आणि खाऱ्या पाण्याने तो पुठ्ठ्यासारखा कडक झाला होता. म्हणाले, "हा लिही. हाच काचला त्याला."

आज सकाळी अर्ज दिला, पोच घेतली. निवेदनाचं पहिलं वाक्य आता असं आहे: "व्हिडिओत दिसलेली जखम खरी आहे, तो घोडा सध्या कामाला नाही आणि डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय तो किनाऱ्यावर येणार नाही." १४ पैकी ९ सह्या झाल्यात, त्यात काकांची आहे. उरलेल्या पाच जणांना चार माणसांची अट मान्य नाही, रविवारी देवळात बसून बोलणार आहोत.

डॉक्टर, जखमेवर खपली धरलीय, पण कड अजून ओली आहे. खरारा त्या जागेच्या किती लांबून करावा?