'गहिवरून आलं' : नेमकं काय आलं?

नोव्हेंबरातल्या किरणोत्सवाला कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात उभी होते. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. ढग किंवा धूळ आडवी आली तर मधेच विरतात. त्या संध्याकाळी गुडघ्यांपाशीच विरली. तरी शेजारच्या आज्जींनी पदरानं डोळे टिपले. "गहिवरून आलं बघ," म्हणाल्या. मलाही आलं होतं. देव आहे की नाही हे मला आजही सांगता येत नाही, म्हणून तो शब्द घरापर्यंत सोबत आला.

'गहिवर'चं मूळ संस्कृत 'गह्वर' मानतात. गह्वर म्हणजे खोल, दाट, सहज शिरता येऊ नये अशी जागा, गुहासुद्धा. कठोपनिषदात आत्म्याला 'गुहाहितं गह्वरेष्ठं' म्हटलंय, म्हणजे गुहेत ठेवलेला, गह्वरात राहणारा. ('गाभारा' मात्र वेगळा, तो 'गर्भागारा'तून आला. दोन्ही शब्द एका घरातले असावेत असं मला फार वाटत होतं.)

मला जास्त अडवतंय ते व्याकरण. 'मी रडले' यात रडणारी मी. 'मी भारावले' म्हटलं की भारणारं कुणीतरी असतंच: मांत्रिक, वक्ता, गवई. 'मला गहिवरून आलं' यात काय आलं? हे वाक्य 'उजाडलं', 'सांजावलं' यांच्या पंगतीत बसतं. कर्त्याचा पाट मांडलेलाच नाही. आस्तिक आणि नास्तिक दोघांनाही हे वाक्य एक अक्षर न बदलता खरं बोलता येतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

या शब्दाची उदाहरणांसह नोंद लिहिते आहे, म्हणून प्रश्न असा, की देवाशिवाय, माणसाशिवाय, नुसत्या डोंगर-पाण्यासाठी 'गहिवर' वापरतात का?

प्रतिसाद :
आमच्या पन्हाळ्याकडं तरी नाही, ताई. भादव्यात मसाई पठारावर फुलं आली की माणूस 'हरखतो'. जीव हरखला म्हणायचं. 'गलबलून आलं' म्हणतात ते लेक सासरी निघताना, किंवा बैल विकताना. गहिवर कीर्तनातला शब्द. डोंगराला कोण गहिवरतंय? डोंगर रोजचाच की.

प्रतिसाद :
मी वापरतो, आणि कारणही सांगतो. आमचं घर पंचगंगेच्या काठच्या पेठेत. २०१९ च्या ऑगस्टात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. तिथं धोक्याची पातळी ४३. आईची लाकडी पेटी गेली, तिच्या लग्नातली. पुढं त्रिपुरी पौर्णिमेला पहाटे घाटावर पणत्या लागल्या. सगळ्या ज्योती पाण्यात हलत होत्या. घरातलं सगळं ज्यानं नेलं तेच पाणी. मला राग यायला हवा होता. गहिवरून आलं. का, ते अजून कळलेलं नाही. 'हरखलो' म्हटलं तर खोटं होईल, 'गलबललो' म्हटलं तर अर्धंच.

मूळ लेखिका :
दादा, 'अर्धंच' हे तुम्ही अगदी नेमकं पकडलंत. हरखण्यात नुसता आनंद आहे, गलबलण्यात ताटातूट. गहिवरात दोन्ही एकदम दाटतात, आणि निवाडा होत नाही. पन्हाळ्याच्या दादांचं म्हणणंही मी खोडत नाही. रोजचा डोंगर पाहून गहिवर येत नसेल, पण ज्या पाण्याशी आपला हिशेब अपुरा आहे ते पाहून येतो.

कठोपनिषदातच नचिकेता यमाला विचारतो, मेल्यावर माणूस उरतो की नाही? यम आधी म्हणतो, इथं देवांनाही पूर्वी संशय पडला होता, दुसरा वर माग. पोरगं हटत नाही. तिथं शब्द आहे 'विचिकित्सा', म्हणजे संशय. यम पुढं उत्तर देतो, पण माझं मन दर वेळी त्या आधीच्या वाक्यापाशीच थांबतं. देवांनाही जिथं प्रश्न पडला, तिथं मला तो पडून राहिला तर चालेल असं वाटतं.

'गहिवर'च्या माझ्या नोंदीत 'कीर्तनात', 'निरोपाच्या वेळी' ही उदाहरणं होतीच. आता 'पाणी पाहून' हेही घालते. दादा, तुमच्या आईच्या पेटीचं वाक्य त्यात घेतलं तर चालेल का? त्यांना विचारून सांगा.