इम्पल्स रिस्पॉन्सचे आलेख आणि त्यांभोवतीचे पट्टे : आपले अनुभव लिहा

१९८० मध्ये अर्थशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर सिम्स यांनी व्हीएआर पद्धतीचा (अनेक चलांचे एकमेकांवरचे परिणाम एकत्र मोजणारी पद्धत) पुरस्कार केला, तेव्हापासून इम्पल्स रिस्पॉन्सचा, म्हणजे एका चलाला अचानक धक्का (शॉक) बसल्यावर दुसरे चल पुढच्या कालखंडांत कसे हलते हे दाखवणारा, आलेख हा कालश्रेणी अभ्यासाचा चेहराच झाला आहे. मधली रेषा सगळेच नीट काढतात, चुका होतात त्या तिच्याभोवतीच्या, अंदाजाची अनिश्चितता दाखवणाऱ्या पट्ट्यात. आपली चूक कुठे झाली आणि ती कशी लक्षात आली, हे इथे सविस्तर लिहावे, ही विनंती. सुरुवात मीच करतो.

माझ्या प्रबंधात ९५ टक्क्यांच्या पट्ट्यात शून्याची रेषा सर्वत्र येत होती, म्हणजे परिणाम आहे असे ठामपणे म्हणता येत नव्हते, म्हणून मी ६८ टक्क्यांचा पट्टा काढला आणि निष्कर्ष एकाएकी ठळक दिसू लागले. सिम्स आणि झा यांनी १९९९ च्या लेखात १६ वा आणि ८४ वा शतमक (म्हणजे मधले ६८ टक्के) वापरण्याचा आग्रह धरला आहे, त्यामुळे आधार होता. पण तो आधार मी निकाल पाहिल्यावर शोधला होता, आणि खटकते ते एवढेच. आता मी दोन्ही पट्टे काढतो, आतला गडद आणि बाहेरचा फिका.

*

माझी अडचण अगदी साधी होती. आर या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमधल्या ‘व्हार्स’ पॅकेजने काढलेला आलेख दर वेळी थोडा वेगळा येत असे आणि एका कालखंडात पट्टा कधी शून्याला शिवे, कधी शिवत नसे. नंतर कळले की बूटस्ट्रॅपच्या (आकडेवारीतूनच पुन्हा पुन्हा यादृच्छिक नमुने काढून पट्टा ठरवण्याच्या) फेऱ्या मी सांगितल्याच नव्हत्या, त्यामुळे मूळच्या १०० च चालत होत्या, आणि यादृच्छिक संख्यांचे बीजही, म्हणजे दर वेळी त्याच संख्या मिळाव्यात म्हणून द्यायचा सुरुवातीचा आकडा, ठरवलेले नव्हते. ९५ टक्क्यांच्या पट्ट्याची एकेक कड शंभरांपैकी टोकाच्या दोन-तीन फेऱ्यांवर उभी असेल, तर ती डळमळणारच. मी फेऱ्या २,००० केल्या, बीज नोंदवून ठेवले आणि कडा स्थिरावल्या.

*

वरच्यापेक्षा माझी चूक अधिक लाजिरवाणी आहे, कारण ती सॉफ्टवेअरची नव्हे, माझीच होती. माझे चल वाढीच्या दरात होते आणि मला किमतींच्या पातळीवरचा परिणाम दाखवायचा होता, म्हणून मी मधल्या रेषेची बेरीज करत गेले आणि त्याच ओघात वरच्या व खालच्या मर्यादांचीही केली. मधल्या रेषेला बेरीज चालते, मर्यादांना चालत नाही; वेगवेगळ्या कालखंडांतील प्रतिसाद पूर्णपणे एकाच दिशेने हलत नसतील, तर बेरजेचे प्रमाण विचलन हे प्रमाण विचलनांच्या बेरजेपेक्षा कमी भरते. माझा पट्टा त्यामुळे अकारण फुगला आणि खरोखर दिसणारा परिणाम मी ‘आढळला नाही’ असे लिहून मोकळी झाले होते. योग्य मार्ग असा, की मॉन्टे कार्लोच्या, म्हणजे यादृच्छिक संख्या घेऊन पुन्हा पुन्हा केलेल्या गणनेच्या, प्रत्येक फेरीत प्रतिसादाची बेरीज आधी करावी आणि मग त्या बेरजांचे शतमक काढावेत. स्टाटासारख्या संख्याशास्त्रीय पॅकेजमध्ये संचयी (बेरीज होत गेलेला) प्रतिसाद मागण्याची स्वतंत्र सोय असते. मी हाताने स्प्रेडशीटमध्ये करायला गेले, तिथेच घोटाळा झाला.

*

तोंडी परीक्षेत मला विचारले गेले, “व्याजदराचा शॉक आला त्या कालखंडात महागाईच्या प्रतिसादाला पट्टाच नाही, इथे तुमची एवढी खात्री कशी?” मी गडबडलो. चोलेस्की विघटनात (चलांना क्रम लावून, नंतरच्या चलाचा आधीच्यावर त्याच कालखंडात परिणाम होत नाही असे धरणारी पद्धत) महागाई आधी आणि व्याजदर नंतर ठेवला होता, त्यामुळे पहिल्या कालखंडातले ते शून्य आकडेवारीने सांगितलेले नव्हते, मीच लादलेले होते. लादलेल्या शून्याला अनिश्चितता कुठून असणार? आता तो बिंदू आलेखाखालच्या टिपेत स्पष्ट करतो.

*

चार चलांचे सोळा आलेख (प्रत्येक चलाचा प्रत्येक शॉकला प्रतिसाद) छापताना प्रत्येकाची उभी मोजपट्टी सॉफ्टवेअरवर सोडू नये, एवढेच सांगते. आमच्या अहवालात नगण्य प्रतिसादही डोंगराएवढा दिसला होता. प्रतिसाद देणारे चल एक असेल, तर त्याच्या ओळीतील सर्व आलेखांना एकच मोजपट्टी असावी.

*

मोजपट्टीविषयी सहमत. मी अर्थशास्त्रज्ञ जॉर्डा यांनी २००५ मध्ये मांडलेल्या स्थानिक प्रक्षेपण पद्धतीकडे वळल्यावर पट्टे रुंद आणि खडबडीत झाले, आणि सहलेखकाने ते ‘गुळगुळीत करून’ मागितले. मी नकार दिला. प्रत्येक कालखंडाचे समीकरण तिथे स्वतंत्रपणे मांडले जाते, त्यामुळे तो खडबडीतपणा पद्धतीचाच आहे. न्यूई-वेस्ट प्रमाण त्रुटी (लगतच्या कालखंडांतील त्रुटी एकमेकींशी निगडित असतात हे धरून काढलेल्या) वापरल्याची नोंद मात्र आलेखाखाली केली.