मदत हवी आहे : रावळपिंडीतील मस्टर्ड वायूच्या चाचण्या

सह्यवाट : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात माझे आजोबा रावळपिंडीला होते. त्यांच्या उजव्या हातावर आणि मांड्यांवर गुळगुळीत, केस न उगवणारे मोठे डाग होते, आणि 'सरकारी औषधाने भाजले' एवढेच ते सांगत. ब्रिटिशांनी तेथे शेकडो हिंदी सैनिकांवर मस्टर्ड या कातडी भाजणाऱ्या युद्धवायूच्या चाचण्या घेतल्याचे 2007 मध्ये उघड झाले. एका कार्यालयाला चार महिन्यांत तीन पत्रे पाठवली, परंतु उत्तर नाही. त्या सैनिकांची यादी कोठे मिळेल, तेवढे कृपया सांगावे.

जुनीपाने : पलटण कोणती, सैनिक क्रमांक काय, साल कोणते? त्याशिवाय कोणीही काही शोधू शकणार नाही.

दूरदेशी : यादीपेक्षा मूळ अहवाल पाहावेत. पोर्टन डाउन या ब्रिटिश रासायनिक युद्ध संशोधन केंद्राचे कागद लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यू. ओ. (वॉर ऑफिस) 188 आणि 189 या मालिकांत आहेत; वाचकपत्र विनामूल्य मिळते आणि स्वतःच्या कॅमेऱ्याने छायाचित्रे घेता येतात. गोऱ्यांच्या कातडीपेक्षा हिंदी कातडी अधिक भाजते का, हे तपासण्यासाठी अर्धी विजार आणि सुती सदरा घातलेल्या शिपायांना वायूच्या खोलीत पाठवले जाई. आपण सांगितलेल्या जागा त्याच्याशी जुळतात.

जुनीपाने : असहमत. ते अहवाल कातडीविषयी आहेत, माणसाचा माग पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसातच लागतो. मराठा पलटण असेल, तर बेळगावला लिहावे.

मातीपाणी : तेथील जमिनीचा विचार कोणी करत नाही. मस्टर्ड हा खरे तर तेलकट द्रव आहे आणि त्याच्या गोळ्यावर बाहेरून घट्ट साय धरली की आतला भाग वर्षानुवर्षे जिवंत राहतो. 1945 नंतर बॉर्नहोल्म बेटाजवळ बाल्टिक समुद्रात बुडवलेल्या साठ्यामुळे कोळ्यांचे हात नंतरही भाजत राहिले.

सह्यवाट : मातीपाणी, जमिनीविषयी मी विचारलेले नाही. पलटण लिहायची राहिली, क्षमस्व : बॉम्बे सॅपर्स (लष्करी अभियंत्यांची पलटण), 1940 ते 1946. क्रमांकाचे पान वाळवीने खाल्ले आहे.

जुनीपाने : मग बेळगाव नव्हे, त्या पलटणीचे रेकॉर्ड ऑफिस खडकीला. क्रमांक नसेल तर वडिलांचे नाव, गाव आणि तालुका द्यावा. रुग्णालयाची एखादी नोंद आहे का?

सह्यवाट : नोंद नाही. मात्र 1942 च्या उन्हाळ्यात आजीला आलेले एक कार्ड आहे. त्यावरील अक्षर आजोबांचे नाही, आणि पहिलीच ओळ अशी आहे : 'हात बांधलेला आहे म्हणून दुसऱ्याकडून लिहवून घेतो.' सोमवारी ते घेऊन खडकीला जातो. दूरदेशी, त्या उन्हाळ्याचे अहवाल आपण पाहू शकाल का?