विषय: पुन्हा: पुन्हा: मार्कंड्याचा स्टॉल, पत्रकातली दुसरी ओळ

रेखा (स्टॉल समिती):
मंडळी, मार्कंड्याच्या यात्रेत आपल्या स्टॉलवर बांबूच्या टोपल्या आणि कोशाच्या (टसर रेशमाच्या) साड्या विकणाऱ्या बायांसाठीचं पत्रक उद्या चामोर्शीला छापायला जातंय. पहिली, तिसरी, चौथी ओळ सगळ्यांना मान्य आहे असं धरते. किमतीच्या चिठ्ठ्यांवरून पुन्हा सुरू होऊ नका, ते दिवाळीतच मिटलंय. अडलंय फक्त दुसऱ्या ओळीवर: गिऱ्हाईक समोर आलं की बायांनी आधी काय म्हणायचं? सध्या मसुद्यात ‘नमस्कार, मी आपली काय मदत करू?’ असं आहे. हरकत असेल तर आज रात्रीपर्यंत कळवा. छापखान्याच्या रात्रीपर्यंत, तुमच्या नव्हे.

सुहास:
हरकत आहे. हे वाक्य लॉजच्या काउंटरवर शोभतं. महाशिवरात्रीला मार्कंड्याला माणूस येतो तो उत्तरवाहिनी वैनगंगेत बुडी मारून, ओल्या धोतरानं, कडेवर पोरगं घेऊन. त्याला ‘काय मदत करू’ विचारलं तर तो म्हणेल, पोराला धरा जरा. साधं ‘रामराम’ ठेवा आणि विषय संपवा.

मालतीकाकू:
संपव म्हणून संपतो का रे सुहास? रामराम कोणाला घालणार? गडचिरोलीत निम्मी यात्रा गोंडी रीतीनं ‘जय सेवा’ म्हणणारी. ‘जय भीम’ म्हणणारे आहेत, सिरोंच्याकडून येणारे तेलुगू बोलणारे आहेत. तोंड पाहून माणूस कुठला ते ठरवायला गेलं की हमखास फसगत होते, आणि ज्याला चुकीचा नमस्कार पडला तो पुढच्या दुकानात जातो. आरमोरीला आमचं कापडाचं दुकान होतं. बाबा फक्त ‘या’ म्हणायचे. मग समोरचा जे म्हणेल तेच परत द्यायचे. जय सेवाला जय सेवा, जय भीमला जय भीम. एवढंच लिही रेखा.

विवेक:
काकूंशी सहमत, पण मुद्दा शब्दांचा कमी आणि बसण्याचा जास्त आहे. आमच्याकडच्या प्रदर्शनात मी दर वेळी बघतो, विक्रेता खाली मान घालून बसला की लोक पुढे सरकतात. बायांनी उठून उभं राहावं, नजरेला नजर द्यावी, हसावं. हे पत्रकात यायलाच हवं. शिवाय बांबू कुठून आला हेही दोन वाक्यांत सांगावं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, 2011 मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकायची मोकळीक मिळाली. ही गोष्ट ऐकली की लोक भाव पाडत नाहीत.

प्रफुल (चामोर्शीहून):
विवेकदादा, उभं राहून सूप कसं विणतील जी? खालची बाजू पायानं दाबून धरा लागते. अन् आमच्याकडं रस्त्याच्या कडेले हसून उभी असलेली बाई दिसली की लोकायले वाटते, वर्गणी मागून राह्यली. लांबूनच कटतेत. तेच हात चालू ठेवा, कांबी सोलत राहा, पाच मिनिटांत चार जण थांबतेत. पोरं तं हलतच नाहीत.
मेंढ्याची गोष्ट सांगाची म्हणता, कोणाले? घेणारा धानोऱ्याकडूनच आला असन. तोच तुमाले सांगन.
आता गिऱ्हाईक कसं असते ते पाहा. मोहफुलाचा हंगाम तोंडावर असते, बाई टोपली घ्याले येते. ती आधी बोलतच नाही. टोपली उचलते, बूड वर करते, उजेडाकडं धरून फटी पाहते, काठ अंगठ्यानं दाबते, मंग म्हणते, ‘केवढ्याले?’ तिले विणणारीपेक्षा जास्त समजते. त्या वेळी मधात बोललं की ती टोपली खाली ठेवते. म्हणून एकदा ‘या, पाहा, घ्याच असं नाही’ म्हणाचं अन् गप राहाचं. भाव विचारला की पहिले भाव सांगाचा, गोष्ट मंग.

शुभांगी:
हे सगळं टोपल्यांचं झालं. कोशाचं टेबल दरवर्षी मी बघते, तिथे गप्प बसून भागत नाही. करवतकाठी, म्हणजे करवतीच्या दातांसारख्या काठाची, साडी घडीत असली तर लोकांना काठ छापलेला वाटतो. घडी उलगडून मागची बाजू दाखवावी लागते, मागावर तीन धोटे कसे चालतात ते सांगावं लागतं. आणि प्रसादाचे हात लागू द्यायचे नाहीत, तेही न दुखावता. म्हणून बाई आधीच पदर स्वतःच्या हातावर पसरते, म्हणजे समोरचा आपोआप नजरेनं बघतो. कोशाचं पत्रक वेगळं, आणि ते मीच लिहिणार.

विवेक:
शुभांगी, कोशाला हात लावू देत नाही आणि टोपली उचलू देतो, हे विसंगत नाही का?

शुभांगी:
नाही.

सुहास:
तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी विकणारा तर काहीच बोलायचा नाही. पोराच्या हातात दोरी द्यायचा आणि बापाकडे बघत बसायचा. दोरी परत घेण्याची बापाची काय बिशाद! मुद्दा काही नाही, आठवलं म्हणून लिहिलं.

रेखा:
ठरलं. टोपल्यांच्या पत्रकात: ‘या, पाहा. हातातलं काम थांबवू नका. समोरचा जो नमस्कार घालेल तोच घाला. भाव विचारला तर आधी भाव सांगा.’ मेंढा गळलं, विवेक, रागावू नका. शुभांगी, कोशाचं आज पाठव. लॅमिनेशन करून बांबूला टांगू.

मालतीकाकू:
लॅमिनेशन नको गं, उन्हात चमकतं, कोणाला दिसत नाही. पुठ्ठ्यावर चिकटव.

प्रफुल:
वाचाले कोण बसलं आहे रेखाताई? बायायले मी तोंडी सांगतो. छपाईचे पैसे ताडपत्रीले द्या, दुपारी ऊन सरळ मालावर येते.

रेखा:
ताडपत्री मागच्या वर्षी घेतली होती ना? कुठे गेली?

प्रफुल:
सुहासदादाच्या मोठ्या भावाच्या धानावर आहे.

सुहास:
बोलतो त्याच्याशी.