पार्क ग्युन-हे यांना माफी द्यायला हवी होती का?

कृष्णाकाठ

दक्षिण कोरियाच्या पदच्युत राष्ट्राध्यक्षा पार्क ग्युन-हे यांची उरलेली शिक्षा माफ करण्याचा निर्णय तत्कालीन राष्ट्राध्यक्ष मून जे-इन यांच्या सरकारने २४ डिसेंबर २०२१ रोजी जाहीर केला आणि वर्ष संपताना त्या मुक्त झाल्या. एकूण २२ वर्षांच्या शिक्षेपैकी त्यांनी तोवर सुमारे चार वर्षे नऊ महिने भोगले होते. हा निर्णय चुकीचा होता असे माझे ठाम मत आहे. दया दाखवली याला माझा आक्षेप नाही. ती कशी दाखवली, कोणी ठरवली आणि त्या बदल्यात काय मागितले गेले, याला आहे.

ज्यांना प्रकरण आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. २४ ऑक्टोबर २०१६ रोजी जेटीबीसी या वाहिनीने आपल्या हाती लागलेल्या एका टॅब्लेटच्या आधारे बातमी दिली की राष्ट्राध्यक्षांच्या भाषणांचे मसुदे, ती भाषणे होण्याआधीच, चोई सून-सिल यांच्याकडे पोहोचत होते. चोई यांच्याकडे कोणतेही सरकारी पद नव्हते. पार्क यांच्या आईची १९७४ मध्ये हत्या झाल्यानंतर त्यांच्या जवळ आलेल्या एका धर्मोपदेशकाची ही मुलगी आणि पार्क यांची अनेक वर्षांची विश्वासातली मैत्रीण. दुसऱ्याच दिवशी पार्क यांनी दूरचित्रवाणीवरून क्षमा मागितली, पण तेवढ्याने प्रकरण मिटणारे नव्हते. चोई यांच्या प्रभावाखालील मीर आणि के-स्पोर्ट्स या दोन प्रतिष्ठानांना बड्या उद्योगांनी मिळून ७७.४ अब्ज वॉन दिल्याचे उघड झाले. चोई यांची मुलगी अश्वारोहणपटू होती आणि तिच्यासाठी सॅमसंगने घोडे पुरवले होते. हे घोडे कागदोपत्री कोणाच्या मालकीचे होते यावर वकिलांनी बराच कीस पाडला. अखेर ऑगस्ट २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की त्यांचा वापर आणि विल्हेवाट यांचा अधिकार प्रत्यक्षात चोई यांच्याकडे असल्याने सुमारे ३.४ अब्ज वॉनचे ते तीन घोडे हीच लाच आहे. सॅमसंगच्या दोन कंपन्यांच्या २०१५ मधील विलीनीकरणाला राष्ट्रीय निवृत्तिवेतन निधीने अनुकूल मत दिले होते, आणि त्यासाठी निधीवर दबाव आणल्याबद्दल माजी आरोग्य व कल्याण मंत्र्यांनाही तुरुंगात जावे लागले. म्हणजे सामान्य नोकरदारांची म्हातारपणाची पुंजी सांभाळणारी संस्थासुद्धा एका उद्योगघराण्याच्या वारसाहक्काची सोय करण्यासाठी वापरली गेली. माझ्या दृष्टीने सगळ्या प्रकरणात सर्वांत गंभीर बाब हीच आहे, आणि घोड्यांच्या गोष्टीत ती नेहमी झाकली जाते.

९ डिसेंबर २०१६ रोजी संसदेने २३४ विरुद्ध ५६ मतांनी महाभियोग मंजूर केला. त्यासाठी सत्ताधारी पक्षाच्याही अनेक सदस्यांनी आपल्याच नेत्याविरुद्ध मत दिले. १० मार्च २०१७ रोजी घटनात्मक न्यायालयाच्या आठही न्यायाधीशांनी एकमताने पार्क यांना पदावरून दूर केले, आणि महिना संपण्याच्या आत त्यांना अटक झाली.

आता माफीकडे येतो. २०१७ च्या निवडणुकीत मून यांनी वचन दिले होते की लाचखोरी, अपहार, विश्वासघात यांसारख्या पाच गंभीर गुन्ह्यांत माफीचा अधिकार वापरणार नाही. पार्क यांना झालेल्या शिक्षेचा सर्वांत मोठा भाग, १५ वर्षे, लाचखोरीसाठीच होता. शिवाय ऑक्टोबर २०१७ नंतर त्यांनी हा खटला राजकीय सूड असल्याचे सांगत न्यायालयात येणेच बंद केले होते. म्हणजे ज्या न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले त्याची बूजच त्यांनी राखली नाही. मुक्ततेच्या वेळी त्यांनी वकिलामार्फत जनतेला चिंतेत टाकल्याबद्दल खेद व्यक्त केला आणि मून यांचे आभार मानले, पण गुन्हा मान्य केला नाही. राष्ट्रीय ऐक्यासाठी माफी दिली असे सरकारने सांगितले. दोषी व्यक्ती दोष मानायला तयार नसताना ऐक्य नेमके कशावर उभे राहणार होते?

हा पायंडा जुना आहे. ग्वांगजू शहरातील निदर्शकांच्या १९८० च्या हत्याकांडाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे त्या माजी लष्करशहा चुन दू-ह्वान यांना आधी मृत्युदंड, मग जन्मठेप झाली आणि डिसेंबर १९९७ मध्ये ऐक्याच्याच नावाखाली माफी मिळाली. त्यानंतर ते जवळपास २४ वर्षे जगले. त्यांना २२० अब्ज वॉनहून अधिक रक्कम सरकारजमा करायची होती, पण २००३ मध्ये त्यांनी न्यायालयात आपल्याकडे फक्त २,९०,००० वॉन असल्याचे सांगितले. नोव्हेंबर २०२१ मध्ये ते ग्वांगजूच्या लोकांची क्षमा न मागताच वारले, आणि त्यानंतर जेमतेम महिन्याभरात पार्क यांची माफी जाहीर झाली. शिक्षा झाली तरी ती पूर्ण भोगावी लागत नाही, हे कोरियातील प्रत्येक सत्ताधाऱ्याला ठाऊक आहे, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तत्कालीन राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल यांनी लष्करी कायदा पुकारण्याचे धाडस केले त्यामागे ही खात्री मुळीच नव्हती असे मला वाटत नाही.

मुचकुंद

आपण प्रकरण नीट मांडले आहे, परंतु निष्कर्षाशी मी सहमत नाही, कारण माफी केव्हा दिली गेली या प्रश्नाला आपण पुरेसे महत्त्व दिलेले नाही.

अमेरिकेत रिचर्ड निक्सन यांनी ९ ऑगस्ट १९७४ रोजी पद सोडले आणि एका महिन्याच्या आत, ८ सप्टेंबरला, जेराल्ड फोर्ड यांनी त्यांना संपूर्ण माफी दिली. तोवर निक्सन यांच्यावर आरोपपत्रही दाखल झालेले नव्हते, त्यामुळे त्यांनी काय केले याचा न्यायालयीन निवाडा कधीच होऊ शकला नाही. ती माफी सत्याच्या आड आली, हे मी मान्य करतो. पार्क यांच्या बाबतीत घडले ते बरोबर उलट. एप्रिल २०१८ मध्ये २४ वर्षांची शिक्षा, अपिलात २५, सर्वोच्च न्यायालयाचा फेरसुनावणीचा आदेश आणि अखेर १४ जानेवारी २०२१ रोजी २० वर्षांवर शिक्कामोर्तब, असा पूर्ण प्रवास आधी झाला. निवडणुकीतील उमेदवारीत हस्तक्षेप केल्याबद्दलची दोन वर्षे वेगळी. न्यायालयांना सांगण्यासारखे जे काही होते ते सगळे सांगून झाले होते. माफीने उरलेला तुरुंगवास आणि दंड गेला, दोषसिद्धी गेली नाही. पदच्युत झाल्यामुळे गमावलेले माजी राष्ट्राध्यक्षांचे निवृत्तिवेतनही त्यांना परत मिळालेले नाही. चोई यांना १८ वर्षांची शिक्षा झाली आहे आणि त्या या माफीत नव्हत्या.

चुन यांच्याशी आपण केलेली तुलना तर मला अन्यायकारक वाटते. चुन आणि त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष रो ते-वू हे अटकेनंतर सुमारे दोन वर्षांत बाहेर आले. पार्क यांनी तोवरच्या कोणत्याही माजी राष्ट्राध्यक्षापेक्षा जास्त काळ तुरुंगात काढला. त्या ६९ वर्षांच्या आणि आजारी होत्या. गुन्हा मान्य केल्याशिवाय दया नाही असे म्हटले की दयेचा सौदा होतो, आणि कबुलीजबाब वदवून घेणाऱ्या राजवटींचा अनुभव कोरियाइतका फार थोड्या देशांना असेल. पार्क यांच्या वडिलांच्याच, म्हणजे हुकूमशहा पार्क चुंग-ही यांच्या, काळात तो प्रकार सर्रास चालत असे.

शेवटचा मुद्दा असा की, ही माफी मित्राने दिलेली नाही. ज्यांना पार्क यांच्या पतनाचा सर्वाधिक राजकीय लाभ झाला आणि स्वतःच्या पक्षातूनच ज्यांना विरोध होत होता, त्या नेत्याने ती दिली. १० मार्च २०१७ च्या निकालानंतर न्यायालयाबाहेर उसळलेल्या गोंधळात काही पार्क-समर्थकांचे प्राण गेले होते, हेही विसरता येणार नाही. असा दुभंगलेला समाज हाताळणाऱ्या माणसाने काही ओझे स्वतःच्या शिरावर घेतले तर त्यात मला कर्तव्यबुद्धी दिसते.

शलाका_पु

नोकरीच्या निमित्ताने मी त्या काळात सुवोनमध्ये राहत होते आणि कार्यालयातील सहकाऱ्यांबरोबर काही शनिवारी सोलमधील ग्वांगह्वामुनच्या पार्कविरोधी मोर्चांना गेले होते. परदेशी असल्यामुळे मी कडेलाच उभी राहत असे, परंतु जे पाहिले त्यावरून मुचकुंद यांच्या एका गृहीतकाला उत्तर द्यावेसे वाटते.

कागदी पेल्यात खोचलेल्या मेणबत्त्या घेऊन लहान मुलांसह कुटुंबेच्या कुटुंबे येत असत. वारा आला की मेणबत्त्या विझतात असे सत्ताधारी पक्षाच्या एका खासदाराने म्हटल्यानंतर लोक बॅटरीवरच्या मेणबत्त्या घेऊन येऊ लागले. माझ्या सहकाऱ्यांना भाषणांच्या मसुद्यांपेक्षा जास्त झोंबला होता तो चोई यांच्या मुलीचा इव्हा महिला विद्यापीठातील प्रवेश. अर्जाची मुदत संपल्यानंतर मिळालेले आशियाई स्पर्धेचे सुवर्णपदक ती मुलाखतीला बरोबर घेऊन गेली होती आणि तिला प्रवेश देण्यात आला. पैसा हीसुद्धा पात्रताच असते, तो नसेल तर आपापल्या आई-वडिलांना दोष द्या, अशा आशयाचे तिचे फेसबुकवरचे जुने लिखाण तेव्हा सगळीकडे फिरत होते. ज्या देशात प्रवेशपरीक्षेच्या दिवशी इंग्रजी ऐकण्याची चाचणी चालू असताना विमानांची उड्डाणेसुद्धा थांबवली जातात, तिथे या वाक्याने काय झाले असेल याची कल्पना करावी. माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकारिणीची धाकटी बहीण दुसऱ्यांदा त्या परीक्षेला बसत होती. त्या बाई राजकारणावर कधी बोलत नसत, आणि त्या वर्षी त्या जवळजवळ प्रत्येक शनिवारी मोर्चाला गेल्या.

समाज दुभंगलेला होता म्हणून माफी आवश्यक होती, असे मुचकुंद म्हणतात. महाभियोगाच्या प्रश्नावर समाज अर्धा-अर्धा विभागलेला नव्हता. मोठे बहुमत एका बाजूला होते आणि म्हणूनच सत्ताधारी पक्षाचे खासदार हलले. त्या बहुमताने एक दगडही न भिरकावता, घटनेने आखून दिलेल्या वाटेने जाऊन, आपले म्हणणे तडीस नेले. त्यानंतर ऐक्याच्या नावाखाली जी तडजोड झाली ती त्यांना विचारून झाली नाही. पार्क रुग्णालयात असतानाच त्यांना माफीपत्र मिळाले, आणि ते रुग्णालय सॅमसंगचे होते. उपचार कुठे घ्यावेत हा त्यांचा प्रश्न, हे खरे. परंतु ज्यांनी थंडीत उभे राहून हे सगळे घडवले त्यांना ती बातमी वाचताना काय वाटले असेल, हेही माफीच्या हिशेबात धरायला हवे.

दक्षिणायन

मूळ लेखातील यून यांच्याविषयीचे विधान मला मुळीच पटत नाही. विशेष अभियोक्त्याच्या पथकात राहून पार्क प्रकरणाचा तपास करणारे यून हेच होते. राष्ट्राध्यक्ष तुरुंगात जाऊ शकतात हे त्यांच्याइतके जवळून कोणी पाहिले नव्हते, आणि तरीही त्यांनी ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री लष्करी कायदा पुकारला. म्हणजे शिक्षेचे भय त्यांना आवरू शकले नाही. माफीची आशा हे त्याचे कारण होते असे म्हणायला आपल्याजवळ कोणता आधार आहे?

उलट त्या रात्री काय झाले ते पाहावे. खासदार कुंपणावरून चढून संसदेत पोहोचले, काही तासांत १९० विरुद्ध शून्य मतांनी लष्करी कायदा उठवण्याचा ठराव झाला, दोनच आठवड्यांच्या आत महाभियोग झाला आणि ४ एप्रिल २०२५ रोजी घटनात्मक न्यायालयाने पुन्हा आठ विरुद्ध शून्य असाच निर्णय दिला. २०१६-१७ मध्ये शिकलेला धडा माफीमुळे पुसला गेला असता तर हे घडलेच नसते. मून यांच्या माफीने व्यवस्थेची हानी झाली, हे मूळ लेखाने सिद्ध करायला हवे होते.

कृष्णाकाठ

दक्षिणायन, यून यांच्या मनात काय होते हे मी सिद्ध करू शकत नाही आणि तसा दावाही नाही. परंतु त्याच यून यांनी डिसेंबर २०२२ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष ली म्युंग-बाक यांना माफी दिली. ज्यांच्या चौकशीत त्यांनी स्वतः अभियोक्ता म्हणून वाटा उचलला होता, ज्यांना १७ वर्षांची शिक्षा झाली होती, त्यांची शिक्षा माफ करताना पुन्हा ऐक्याचेच कारण दिले गेले. त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये सॅमसंग उद्योगघराण्याचे वारस ली जे-यॉन्ग यांनाही माफी मिळाली होती, तिथे कारण अर्थव्यवस्थेचे होते. लाच घेणारी आणि लाच देणारा, दोघेही वर्षभराच्या आत माफीला पात्र ठरले. याला मी हानी म्हणतो. संसद आणि घटनात्मक न्यायालय यांनी उत्तम काम केले यावर आपले एकमत आहेच. माझी तक्रार अशी आहे की त्या दोघांनी मिळून जे उभे केले ते एका सहीने निम्मे खाली येते.

मुचकुंद, कबुलीजबाबाविषयीचा आपला इशारा रास्त आहे, आणि तुरुंगातल्या माणसाकडून काही वदवून घ्यावे असे मी म्हणत नाही. प्रकृतीसाठी शिक्षेला तात्पुरती स्थगिती देण्याची सोय कोरियाच्या कायद्यात आहे. तिचा उपयोग करून उपचार होऊ शकले असते, दंड कायम राहिला असता आणि नागरी हक्क परत देण्याची गरज पडली नसती.

मुचकुंद

स्थगितीचा मार्ग होता हे खरे, पण पार्क यांनी २०१९ मध्ये ती मागितली असता अभियोक्त्यांनी नाकारली होती. तेव्हा जो मार्ग बंद होता तो २०२१ मध्ये सहज खुला झाला असता, असे धरून चालता येत नाही.

एका सहीच्या प्रश्नावर मात्र चर्चा पुढे न्यावी असे वाटते. कोरियाच्या घटनेत ठरावीक गुन्ह्यातील सर्वांना मिळणाऱ्या सर्वसाधारण माफीला संसदेची संमती लागते, एखाद्या व्यक्तीला दिल्या जाणाऱ्या विशेष माफीला लागत नाही. न्याय मंत्रालयाची समिती असते ती सल्ल्यापुरती. आपल्याकडे अनुच्छेद ७२ खाली राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागतात आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशच्या राज्यपालांनी एका राजकीय कार्यकर्त्याला दिलेली शिक्षामाफी रद्दही केली होती. तसे न्यायालयीन परीक्षण कोरियात आले तर मी त्याचे स्वागतच करीन. संसदेची संमती सक्तीची करण्याला मात्र माझा विरोध आहे, कारण मग ज्याचा पक्ष मोठा त्यालाच दया मिळेल.

कृष्णाकाठ

आज ज्याचा पक्ष मोठा असतो त्यालाच ती मिळते, फक्त तसे म्हणावे लागत नाही. संसदेत ठराव आला असता तर मून यांच्या पक्षातील ज्या सदस्यांना ही माफी मान्य नव्हती त्यांना उभे राहून कारणे सांगावी लागली असती, आणि पार्क यांच्या पक्षाला, २०१६ मध्ये आपल्याच सदस्यांनी त्यांच्याविरुद्ध मत का दिले, याचे उत्तर द्यावे लागले असते. एवढे होऊन मग बहुमताने माफी दिली गेली असती, तर तिच्याविरुद्ध मी हा धागा काढला नसता.