मदत हवी आहे : परदेशी क्लायंटचे पैसे घेण्यासाठी इंदूरमध्ये कोणत्या बँकेत खाते उघडावे?

टेस्टर_इंदूर
नमस्कार. मी घरूनच स्वतंत्रपणे काम करते आणि माझा क्लायंट परदेशातील आहे. त्याने पहिले पेमेंट पाठवून आठवडा उलटून गेला, तरी पैसे खात्यात जमा झालेले नाहीत. शाखेत विचारले तर ‘वरून अडले आहे, कागद लागतील’ एवढेच उत्तर मिळते. कोणते कागद, हे सांगायला कोणी तयार नाही. पुढचे इन्व्हॉइस सोमवारी पाठवायचे आहे आणि त्याआधी मला दुसऱ्या, चांगल्या बँकेत खाते उघडायचे आहे. इंटरनेटवरचे लेख वाचून झाले आहेत, त्यामुळे कृपया फक्त बँकेचे नाव सांगावे.

सुदामानगरकर
ताई, नुसते नाव सांगणे सोपे आहे, पण त्याचा आपल्याला उपयोग होणार नाही. काम कोणते, पैसे कोणत्या देशातून आणि कोणत्या चलनात येतात, दरमहा साधारण किती येतात, सध्याचे खाते बचत आहे की चालू, आणि ती बँक राष्ट्रीयीकृत, खासगी की सहकारी, हे कळल्याशिवाय कोणीही दिलेला सल्ला अंदाजपंचेच ठरेल.

सियागंज_निर्यात
माझा मसाल्यांच्या निर्यातीचा व्यवसाय आहे, म्हणून अनुभवाने सांगतो. सर्वप्रथम आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड काढावा, नंतर चालू खाते आणि त्याला जोडून ईईएफसी खाते उघडावे. परकीय चलन त्या खात्यात तसेच ठेवता येते आणि भाव चढला की रुपयांत बदलता येते. घाईघाईने रुपये करून घेणारे लोक स्वतःचेच नुकसान करून घेतात.

टेस्टर_इंदूर
जर्मनी, युरो, महिन्याला बाराशे ते पंधराशे. सॉफ्टवेअर टेस्टिंगचे काम आहे. बचत खाते आहे, राष्ट्रीयीकृत बँकेत. जीएसटी क्रमांक नाही. एका खात्यासाठी इतकी चौकशी का लागावी, हे मला खरोखरच समजत नाही. मसाल्यांचा येथे काय संबंध?

विजयनगर_कोडर
बँकांच्या फेऱ्याच मारू नयेत. सीमापार पेमेंट ॲग्रिगेटर, म्हणजे परदेशातून येणारे पैसे गोळा करून आपल्या खात्यात पोहोचवणाऱ्या कंपन्या, यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. त्यांखाली परवानगी मिळालेली एखादी सेवा घ्यावी. क्लायंट युरोपातल्या युरोपात पैसे भरतो, आपल्या साध्या खात्यात रुपये येतात आणि आवक रकमेचा दाखला ईमेलने मिळतो. बँका बाजारभाव आणि आपल्याला दिलेला भाव यांत जे अंतर ठेवतात, खरा खर्च तोच असतो. युरोमागे एक रुपया जरी कमी मिळाला, तरी पंधराशे युरोंवर पंधराशे रुपये गेले, आणि ते कोणत्याही पावतीवर शुल्क म्हणून दिसत नाहीत.

निवृत्त_फॉरेक्स
बँकेच्या परकीय चलन विभागात माझी नोकरी झाली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

कोडर यांनी भावातील अंतराविषयी लिहिलेले बरोबर आहे. मात्र अडलेली रक्कम त्याने सुटणार नाही आणि नवीन बँकेनेही सुटणार नाही. सियागंजच्या मित्रांनी सुचवलेला आयईसी मालाच्या निर्यातीला लागतो. सेवांच्या निर्यातीला, परकीय व्यापार धोरणातील सवलती घ्यायच्या नसतील, तर तो आवश्यक नसतो. ईईएफसी खात्यावर व्याज मिळत नाही, आणि एका महिन्यात जमा झालेली रक्कम पुढील महिन्याच्या अखेरपर्यंत वापरली नाही, तर ती रुपयांत बदलावीच लागते, त्यामुळे भाव चढण्याची वाट फार काळ पाहता येत नाही. ज्यांना परदेशात नियमित पैसे द्यावे लागतात, त्यांच्यासाठी ते खाते सोयीचे आहे.

ताई, मला दोनच गोष्टी सांगा. इन्व्हॉइसवर सेवा देणाऱ्याचे म्हणून कोणाचे नाव आहे? आणि खाते नेमके कोणाच्या नावावर आहे?

टोरांटोचे_आजोबा
माझा मुलगा कॅनडात असतो. त्याने एनआरई खाते उघडले आहे आणि पैसे दुसऱ्या दिवशी येतात. व्याजावर करही लागत नाही. आपणही एनआरई खातेच उघडावे.

सुदामानगरकर
आजोबा, एनआरई खाते अनिवासी भारतीयांसाठी असते. ताई इंदूरमध्ये राहतात.

टेस्टर_इंदूर
इन्व्हॉइस माझ्या स्टुडिओच्या नावाने आहे, कारण क्लायंटला व्यवसायाचे नाव हवे होते. स्टुडिओची नोंदणी वगैरे काही नाही. खाते आई आणि मी असे संयुक्त आहे, त्यात पहिले नाव आईचे. आमच्या घरात सगळी खाती अशीच असतात. याचा युरो अडण्याशी संबंध आहे का?

निवृत्त_फॉरेक्स
संबंध आहेच, यापलीकडे दुसरे कोणतेच कारण दिसत नाही. क्लायंटच्या बँकेकडून आलेल्या पेमेंटच्या संदेशात लाभार्थी म्हणून स्टुडिओचे नाव आले असणार, खात्यावर पहिले नाव आईंचे आहे, आणि हे पैसे कशाचे आहेत हे शाखेला माहीत नाही. अशी रक्कम परकीय चलन विभाग बाजूला ठेवतो आणि ग्राहकाकडून लेखी सूचना येण्याची वाट पाहतो. ही लेखी सूचना लागते, एवढे काउंटरवरच्या माणसाने सांगायला हवे होते.

आता शाखेला पत्र द्यावे. त्यात रक्कम, पाठवणाऱ्याचे नाव आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक लिहावा, स्टुडिओ हे आपलेच व्यवसायनाम असल्याचे स्वाक्षरीनिशी नमूद करावे, आणि सोबत इन्व्हॉइस, क्लायंटशी झालेल्या कराराची किंवा ईमेलची प्रत आणि पॅन जोडावे. उद्देश संकेतांक, म्हणजे पैसे कशाचे आहेत हे सांगणारा क्रमांक, पी-०८०२ लिहावा. तो सॉफ्टवेअर सल्ला व अंमलबजावणीचा आहे. एवढ्यावर शाखेचे समाधान झाले नाही, तर क्लायंटकडून त्याच्या बँकेमार्फत लाभार्थीच्या नावाची दुरुस्ती मागवावी. पत्राची पोच घ्यायला विसरू नये. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली तक्रार करता येते, आणि त्यासाठी भोपाळला जावे लागत नाही, ती ऑनलाइन होते.

सोमवारच्या इन्व्हॉइसवर स्वतःचे, पॅनवर आहे तसेच नाव लिहावे आणि केवळ स्वतःच्या नावाचे खाते द्यावे.

विजयनगर_कोडर
मग केवळ स्वतःच्या नावाचे बचत खाते पुरेसे आहे ना? माझे कित्येक मित्र तसेच पैसे घेतात.

निवृत्त_फॉरेक्स
व्यक्तीच्या नावाने अधूनमधून येणारी रक्कम बहुतेक शाखा बचत खात्यात घेतात, हे खरे आहे. परंतु बचत खाते व्यवसायासाठी नाही, असा नियम आहे, आणि दरमहा नियमाने पैसे येऊ लागले की एखाद्या दिवशी शाखा प्रश्न विचारतेच. स्टुडिओचे नाव टिकवायचे असेल, तर चालू खाते त्याच नावाने असावे.

करवाला_पलासिया
निर्यात म्हटली की जीएसटी नोंदणी सक्तीची आहे, हे येथे कोणीच कसे सांगितले नाही?

सुदामानगरकर
कोणी सांगितले नाही, कारण ते तसे नाही. सेवांची निर्यात आंतरराज्यीय पुरवठ्यात मोडते, आणि २०१७ च्या अधिसूचनेनुसार वीस लाखांपर्यंतच्या वार्षिक उलाढालीला अशा सेवांसाठी नोंदणीतून सूट आहे. पंधराशे युरोंच्या हिशेबाने ताई त्या मर्यादेच्या जवळ येतील, म्हणून लक्ष ठेवावे, एवढेच म्हणता येईल. नोंदणी झाल्यावर मात्र दरवर्षी एलयूटी, म्हणजे हमीपत्र, भरावा, म्हणजे कर न भरता निर्यात करता येते.

करवाला_पलासिया
मान्य. पण रुपयांत बदलताना बँक जीएसटी लावतेच, तो नोंदणी नसली तरी चुकत नाही. दीड लाख रुपयांच्या रूपांतरावर साधारण २२५ रुपये होतात. शिवाय प्राप्तिकरातील व्यावसायिकांच्या अंदाजित उत्पन्नाच्या तरतुदीचाही (१९६१ च्या कायद्यातील कलम ४४ एडीए) विचार करावा, त्यात मिळालेल्या रकमेपैकी निम्मी उत्पन्न धरली जाते…

सुदामानगरकर
ती तरतूद विशिष्ट व्यवसायांनाच लागू आहे, आणि टेस्टिंग त्यात बसते की नाही यावर आपण वेगळा धागा काढावा ही विनंती.

टेस्टर_इंदूर
पत्र दिले, पोच मिळाली. त्याच काउंटरवरून आता आणखी एक अर्ज हातात ठेवला आहे आणि त्यात संकेतांक विचारला आहे, म्हणजे हा अर्ज त्यांच्याकडे पहिल्या दिवसापासून होता. चालू खात्यासाठी व्यवसायाचे दोन पुरावे मागतात. ‘उद्यम’ (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) आणि गुमास्ता (दुकाने व आस्थापना नोंदणी) चालेल असे म्हणाले. बाहेर एक एजंट ‘उद्यम’चे पैसे सांगत होता.

सियागंज_निर्यात
त्याला एक रुपयाही देऊ नका. ‘उद्यम’ नोंदणी सरकारी संकेतस्थळावर आधारवरून विनामूल्य होते. दोन्हींवर स्टुडिओचे नाव एकाच पद्धतीने लिहावे, स्पेलिंगसह.

निवृत्त_फॉरेक्स
बँकेचे नाव अजूनही हवे असेल, तर मी ते सांगणार नाही. ज्या शाखेत खाते उघडाल, तेथे आधी विचारा की परकीय चलनाचे काम शाखेतच होते की दुसरीकडे पाठवले जाते, तेथे बोलायला थेट क्रमांक मिळेल का, किमान शिल्लक किती ठेवावी लागेल, आणि कार्ड रेटपेक्षा, म्हणजे बँकेने त्या दिवसासाठी जाहीर केलेल्या भावापेक्षा, चांगला भाव मागता येईल का. क्लायंटलाही सांगा की पाठवताना सर्व खर्च स्वतःकडे घेण्याचा पर्याय, ज्याला अर्जावर ‘ओयूआर’ म्हणतात, तो निवडावा. एरवी मधली बँक काही युरो कापून घेते आणि इन्व्हॉइसची रक्कम जुळत नाही.

टेस्टर_इंदूर
‘ओयूआर’चे आजच कळवते. गुमास्त्यासाठी घराचा पत्ता चालतो का? वीजबिल आईच्या नावावर आहे.

सुदामानगरकर
चालावा. आईंचे संमतीपत्र सोबत जोडा.