मदत हवी आहे: उन्हाळ्यात कामाचा दौरा, घामाने आणि जेवणाने हैराण

नमस्कार मंडळी, ऑफिसच्या कामासाठी ऐन उन्हाळ्यात एका मोठ्या शहरात आलोय आणि अजून बराच मुक्काम बाकी आहे. ऊन एकवेळ सोसेन, पण हवा इतकी दमट की घाम वाळतच नाही, आणि तो वाळल्याशिवाय अंग काही थंड होत नाही. मीटिंगच्या खोलीत मात्र एसी असा की ओला शर्ट पाठीला गार चिकटतो. संध्याकाळी डोकं ठणकतं.

जेवणाने तर पार निराशा केली. हॉटेलच्या बुफेत सगळं कोमट, वर तेलाचा तवंग. अन्न ५ ते ६० अंशांच्या मध्ये फार वेळ राहिलं की जंतू झपाट्याने वाढतात, त्यामुळे घासच उतरत नाही. फळांवर दिवस काढतोय, पण अंगात त्राण राहत नाही.

सतत फिरतीवर असणाऱ्यांनी कृपया सांगा, खोलीत फक्त पाणी उकळायची किटली असताना पोटभरीचं काय करता येईल? लिटरभर पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर नि अर्धा चमचा मीठ, हे जलसंजीवनीचं प्रमाण मला माहीत आहे. पण नुसत्या घामासाठी ते रोज घ्यावं, की साधं पाणी पुरेल?